शाळेची घंटा बद्द वाजली त्या दिवशी

नमस्कार मंडळी. या सदरात पहिल्यांदाच लिहितोय, म्हणून आधीच सांगतो, मी मिस्त्री माणूस. ज्याला पाना लावता येत नाही त्या गोष्टीवर माझा विश्वास बसत नाही. गावात कुणाच्या अंगात आलं की मी खुशाल विडी ओढत बसायचो आणि आमची आई मला शिव्या घालायची. आता नव्वदी गाठलीय. मी बोलतोय, नात टाइप करतेय... मघाशी तिनं बोटं थांबवून विचारलं, "आजोबा, हे खरं घडलंय?" तिला म्हटलं, तू लिही गुमान.

पन्नासच्या दशकातली अखेरची वर्षं. चाकणला तेव्हा कंपन्या कुठल्या? कांद्याचा बाजार, नाशिकचा रस्ता आणि रस्त्याकडेला माझं पत्र्याचं गॅरेज. राहायला मी निघोज्याला, रोज सायकलवर ये-जा. माझा लंगोटीयार शंकर एका आडत्याची जीप चालवायचा. लिलावात घेतलेली लष्करी जीप, दणकट एकदम. फक्त ब्रेकचं जरा जपावं लागायचं.

ब्रेकचं थोडं सांगायलाच हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आजच्या गाडीत चकती असते, तेव्हा ड्रम असायचे. चाकामागं ओतीव लोखंडाचा पातेल्यासारखा ड्रम, तो चाकाबरोबर फिरतो. पेडल दाबलं की आतले दोन शू, म्हणजे अर्धगोल पट्ट्या, फाकतात आणि ड्रमला आतून घट्ट धरतात, की चाक थांबतं. ड्रमला चरे पडले तर लेथवर घासून घ्यायचा, पण फार पातळ झाला की टाकून द्यायचा. आणि तडा गेलाय का ते बघायचं कानानं. ड्रम तारेला टांगायचा, हातोडीनं हलकेच ठोकायचा. धड असला तर ठण्ण करून घुमत राहतो. तडकलेला बद्द वाजतो. बाया माठ घेताना टिचकी मारून बघतात ना, अगदी तसंच.

तर शंकरच्या जीपचा पुढचा डावा ड्रम घासून घासून पातळ झाला होता. तो मी काढला आणि दुसरा बसवला. उजव्यात अजून लोखंड होतं. तो चिंचवडला नेऊन लेथवर फिरवून आणला आणि परत चढवला. काढलेला डावा ड्रम आमच्या निघोज्याच्या मास्तरांनी मागून नेला. शाळेला घंटा नव्हती हो! लिंबाच्या फांदीला तारेनं टांगला, आणि काय सांगू, असा वाजायचा की नदीपर्यंत ऐकू जावा. मला उगाच अभिमान वाटायचा. दोन वर्षं तो आवाज ऐकून माझी सकाळ व्हायची.

एका शुक्रवारी संध्याकाळी शंकर जीप घेऊन आला. त्याला मुलगी झाली होती. बायको बाळंतपणाला चाकणला माहेरी आलेली, सव्वा महिना झाला होता. उद्या दोघींना घेऊन खेडचा घाट ओलांडून नारायणगावाकडं घरी जायचं होतं. आडत्यानं जीप दिली होती. "दत्तू, ब्रेक बघ राव नीट. पोरगी हाय गाडीत," असं म्हणाला आणि ती कशी मूठ आवळते, कुणासारखी दिसते, हेच सांगत बसला. मी चारही चाकं काढली. धूळ पुसली, शू घासले, ॲडजस्ट केले. पेडल झकास झालं.

सकाळी शनिवार, शाळा साडेसातची. मी दाढी करत होतो. घंटा झाली... आणि वस्तरा जागच्या जागी थांबला.

बद्द! एकदा नाही, सहाही ठोके बद्द. मी अर्धी दाढी फेसात ठेवून शाळेकडं पळालो. मास्तर लोखंडी गज हातात घेऊन फांदीकडं बघत उभे होते. म्हणाले, "बरं झालं आलात मिस्त्री. कालपर्यंत चांगली होती. आज हिला काय झालंय?" म्हणजे मला एकट्यालाच तसं ऐकू आलं नव्हतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण नंतर लोक म्हणाले, तुझ्या मनाचे खेळ.

मी ड्रम खाली उतरवला. वाटलं, तडकला असणार. कंदिलातलं रॉकेल फडक्यावर घेऊन सगळा पुसला, कोरडा केला आणि वर्गातल्या खडूची पूड चोळली. तडा असला की आत शिरलेलं रॉकेल बाहेर झिरपतं, पांढऱ्या पुडीवर काळी रेघ उठते. ही रीत कधी फसत नाही. रेघ उठली नाही. तार बदलून परत टांगला, कुठं टेकत नाही ना ते बघितलं, ठोकला. बद्दच. ड्रम ठणठणीत आणि आवाज मेलेला... असं मी उभ्या आयुष्यात बघितलं नव्हतं.

आणि मग आठवलं. याचा जोडीदार कुठं आहे? शंकरच्या जीपला, उजव्या चाकात!

मास्तरांना काही न सांगता सायकल काढली. तसाच, अर्ध्या दाढीनं. वाटेत लोक हसत होते. मी फक्त एवढंच मनात म्हणत होतो, निघू नकोस रे शंकर, बायाबापड्यांनो अडवून धरा त्याला. एरवी बायकांच्या निरोपाच्या सोहळ्यावर मी किती चिडायचो!

जीप दारातच होती. लेकीची ओटी भरून झाली होती, सासूबाई बाळाला तीट लावत होत्या, आणि शंकर स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला होता. मी म्हणालो, "उतर. उजवं चाक काढायचंय."

"खुळा झाला काय? कालच तर तुझ्याकडनं आणली!"

"उतर म्हणतो ना!"

सासूबाई कडाडल्या, "निघायच्या वक्ताला चाक काढत्यात व्हय? काय अभद्रपणा ह्यो!" शंकरचं तोंड लाल झालं. सासुरवाडीच्या अंगणात त्याची शोभा होत होती. तरी उतरला बिचारा. जॅक त्यानंच लावला.

ड्रम काढून दोरीला धरला आणि ठोकला. बद्द. शाळेत ऐकला होता तोच आवाज, हुबेहूब. रॉकेल लावलं, खडूची पूड माझ्या खिशात तशीच होती, ती चोळली. बोल्टच्या भोकापासून काळी रेघ निघाली आणि आमच्या डोळ्यांदेखत काठापर्यंत गेली. शंकरला सवय होती, घाट उतरला की तापलेल्या ड्रमवर बादलीभर पाणी ओतायचं. मी शंभरदा बजावलं होतं की तापलेलं लोखंड पाण्यानं तडकतं. त्या काळी शू फाकवणारं ब्रेक ऑइल चारही चाकांना एकाच वाटेनं यायचं. घाटात हा ड्रम फुटला असता तर ऑइल सांडून पेडल सरळ फळीला टेकलं असतं. चारही चाकं मोकळी, आणि मांडीवर सव्वा महिन्याची पोर.

शंकरनं त्या रेघेवरून बोट फिरवलं. त्याच्या बायकोनं बाळाला छातीशी धरलं आणि घरात निघून गेली.

मी दुपारी गावात परतलो. मास्तर म्हणाले, "अहो, मधल्या सुट्टीला बद्दच होती. शाळा सुटताना ठोके दिले तर आपोआप नीट! तुम्ही काय केलंत?" मी काय करणार? मी तिथं नव्हतोच. गज घेऊन मीच एक ठोका दिला. ठण्ण... घुमत राहिला.

पुढं पुष्कळांना विचारलं. माझा इंजिनियर पुतण्या म्हणाला, दव पडलं असेल, तार ढिली असेल. तार मी बदलली होती आणि ड्रम पुसून कोरडा केला होता. दोन ड्रम एका जीपला जोडीनं फिरले म्हणून चार मैलांवरून एकाचं दुखणं दुसऱ्याला कळतं का? मला माहीत नाही. खोटं कशाला बोलू.

पण मी हे त्यासाठी सांगत नाहीये.

शंकर गेल्या महिन्यात वारला. दहाव्याला ती मुलगी, सुमन, आता तीच आजी झालीय, चारचौघांत सांगत होती, "दत्तूमामांनी आदल्या दिवशी सगळे ड्रम वाजवून बघितले होते, तरी त्यांच्या जिवाला चैन पडेना. असा माणूस होता म्हणून मी आहे." लोक माझ्याकडं कौतुकानं बघत होते. मी चहा पीत बसलो.

मी वाजवले नव्हते. शुक्रवारी हातोडी टेबलावर होती, चाकापासून सहा पावलांवर. हात ग्रीसनं बरबटलेले, शंकर मुलीचं कौतुक सांगत होता, आणि मी म्हटलं, जाऊ दे, दिसतोय तर चांगला. पाणी ओतायची त्याची सवय माहीत असूनही. हे मी शंकरला कधीच सांगितलं नाही. साठ-पासष्ट वर्षं तो मला मिठ्या मारत राहिला, आणि मी मारून घेत राहिलो.

घंटा का बद्द वाजली ते मला आजही सांगता येत नाही. सुमन, तू हे सदर नेमानं वाचतेस म्हणून इथं लिहिलं. तोंडानं सांगायला मला जमलं नाही, बाळा.