आईच्या नंबरावरून

आमच्या गल्लीतल्या त्या संगीतकाराचं नाव काढलं तरी माझं डोकं तापतं. वाटेत भेटला की नमस्काराच्या आधी विचारणार, "भाऊ, नवीन भजन पूर्ण ऐकलं ना? अर्ध्यात सोडलं की रीच गिरते, पुढे कुणाला दिसतच नाही." मग आपण हातातली केळी खाली ठेवून तिथेच लाईक द्यायचा. लाईक देईपर्यंत हा माणूस आपल्या तोंडाकडे बघतच नाही, अंगठ्याकडे बघतो. चाली बऱ्या बांधतो, ते मी नाकारत नाही. माझी आई तर त्याचं प्रत्येक भजन मनापासून ऐकायची आणि साऱ्या नात्यागोत्यात पाठवायची.

आई गेली तेव्हा तो भेटायला आला. फोटोसमोर डोळे पुसले आणि हळूच म्हणाला, "काकूंचा मोबाईल द्या ना जरा, त्यांचे फोटो बघतो." याला खरंच वाईट वाटतंय असं समजून मी दिला. थोड्या वेळाने मोबाईल परत देऊन तो निघाला.

तो गल्लीच्या टोकाला पोचला नसेल, तोच नेपानगरहून मावशीचा फोन आला. तिला रडू आवरत नव्हतं.

"अरे, ताईच्या नंबरावरून आत्ता भजन आलंय," ती म्हणाली. "खाली लिहिलंय, पूर्ण ऐका."