धोटा फेकणारा

धोटा माझ्या हातात होता, त्याच्या नाही. हे मी आजवर कुणापुढे बोललेलो नाही. बायकोपुढे नाही, आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा तिच्यापुढे नाही, दारू प्यायलो तेव्हाही नाही. सुरतेत आमच्या लोकांत त्या दुपारची गोष्ट अजून रंगवून सांगतात. ती ज्याच्या नावाने सांगतात त्याने त्या दुपारी कुणाचा जीव घेतला नाही. जीव मी घेतला.

साठीच्या दशकात मी खानदेशातून सुरतेला आलो आणि उधन्याच्या रस्त्याला एका पत्र्याच्या खात्यात, म्हणजे कारखान्याच्या शेडमध्ये, यंत्रमागावर लागलो. चार माग एका माणसाकडे. माग चालू असले की शेजाऱ्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नसे, म्हणून खात्यात आम्ही ओठांनी आणि हातांनी बोलायचो. गळ्यावरून अंगठा फिरवला की शेठ आला. पंजा पालथा करून खाली दाबला की माग बंद कर, पुरे. शिव्यासुद्धा होत्या त्या भाषेत, आणि चांगल्या भरपूर होत्या. घरी गेल्यावरही कान बधिर आणि आवाज चढलेला, म्हणून बायका म्हणायच्या, तुम्ही प्रेमानं बोललात तरी भांडल्यासारखं वाटतं.

धोटा म्हणजे दीड-दोन वीत लांबीचा लाकडी तुकडा. दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, पोटात धाग्याची कांडी. मागाचा दांडा त्याला फटका मारतो आणि तो ताण्याच्या उभ्या धाग्यांतून इकडून तिकडे पळत राहतो. कधी काही बिघडलं की सरळ बाहेर सुटतो. सुटलेल्या धोट्यानं डोळा गेलेली माणसं आमच्या गल्लीत होती.

ज्याच्या नावाने ती गोष्ट सांगतात तो खात्यात आला तो एकटाच. वऱ्हाडातला, बौद्ध. बाकी आम्ही सगळे खानदेशचे, एकमेकांचे सोयरे. खात्यात पाण्याच्या माठावर साखळीनं बांधलेला एक पेला असे. पहिल्या दिवशी तो त्या पेल्यानं पाणी प्यायला. दुसऱ्या दिवशी पेला गायब. जो तो घरून आपापला पेला घेऊन आला, मीही. तिसऱ्या दिवशी त्यानंही आणला, ॲल्युमिनियमचा, आणि सगळ्यांकडे बघून म्हणाला, "बरं केलं. तुमच्या तंबाखूचा वास मले सोसत नव्हता."

त्याचं डोकं विलक्षण होतं. महिन्याभरात तो शेठसारखी गुजराती बोलायला लागला, आणि शेठसारखा चालूनही दाखवायचा, धोतर सावरत, एका पायावर जरा जास्त भार देऊन. पण त्याची खरी करामत वेगळी. ओठ वाचणं आम्हा सगळ्यांनाच येत होतं, पण समोरच्याचे आणि जवळचे. तो खात्याच्या या टोकाला उभा राहून त्या टोकाच्या काचेआड बसलेल्या शेठचे ओठ वाचायचा, तेही गुजरातीतले. कुणाला काढणार, कुणाची पाळी बदलणार, आम्हाला आधी कळायचं. "तुम्ही तोंडाकडे बघता," तो म्हणायचा, "मी खांद्याकडंही बघतो. खोटं बोलताना माणसाचा खांदा मागं जाते, मारताना पुढं."

आणि कुत्र्यांना भ्यायचा. गल्लीत कुत्रं दिसलं की रस्ता बदलायचा. आम्ही मुद्दाम भुंकायचो मागून. "भुंका," तो न वळता म्हणायचा, "ओळखीचा आवाज आहे."

एकदा माझ्याच मागाचा धोटा सुटला. मी वाकलेलो होतो, तुटलेला धागा शोधत. शेजारच्या मागावरून त्यानं हात मध्ये घातला. धोट्याचं टोक त्याच्या तळव्यात शिरलं, पार मागच्या बाजूनं दिसेपर्यंत. त्यानं तो उपसून काढला, माझ्या मागाच्या पेटीत ठेवला आणि ओठांनी म्हणाला, माग चालू कर, शेठ बघतोय. मग हात फडक्यात गुंडाळून मागच्या दारानं बाहेर गेला आणि भिंतीला टेकून भडाभडा ओकला.

ओकल्याचं मी कुणाला सांगितलं नाही. बाकीचं सगळं सांगितलं. खानावळीत, ताडीच्या अड्ड्यावर, गावी गेलो की पारावर. सांगता सांगता त्याला बळ चढलं. आधी तो धोटा पकडत होता. मग डोळे मिटून पकडायला लागला. मग फेकायला लागला. पुढं पुढं मी सांगायचो की धोटा फेकून तो खात्याच्या पलीकडच्या टोकाचा दिवा फोडतो. त्यानं उभ्या आयुष्यात धोटा फेकला नव्हता. पण लोक ऐकायचे, आणि ऐकणाऱ्यांत माझी किंमत वाढायची. ज्यांनी त्याच्यापासून पेला लपवला होता तेच त्याचे पराक्रम सांगत फिरायला लागले. पेला मात्र परत माठावर आला नाही.

तो काही देवमाणूस नव्हता, हेही सांगायला पाहिजे. आमच्यातल्या एकाच्या बायकोला एक गुंड रोज नळावर अडवायचा. यानं एका सकाळी त्याला नळावरच धरलं, हात दगडावर ठेवला आणि एकेक बोट मोडलं. ओरडणं ऐकून बायका हंडे टाकून पळाल्या. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, सांधा बसवावा तसा तो काम करत होता. अंगठा तेवढा सोडला.

"अंगठा का सोडला?" मी नंतर विचारलं.

"लावायला लागंल त्याले. सही येत नसंल."

मी हसलो, पण त्या दिवसापासून मला त्याची थोडी भीती वाटायला लागली. आणि थोडा हेवा. हेवाच जास्त.

मग पट्ट्याचं झालं. आमच्या खात्यात वरून एक लांब दांडा फिरायचा आणि त्यावरून चामड्याचे पट्टे खाली मागांवर यायचे. पट्ट्यांना आडोसा नव्हता. आमच्यातल्या एकाची बाही पट्ट्यात गेली आणि तो दंडापासून वर ओढला गेला. पट्टा थांबवेस्तोवर हात खांद्यातून निघाला होता. हात वर अडकलेला आणि माणूस खाली बसलेला, स्वतःच्या हाताकडे बघत. उजाडायच्या आत तो दवाखान्यात मेला. शेठनं फरशी धुवायला सांगितली आणि माग सुरू करायला सांगितले.

वऱ्हाडच्यानं पंजा पालथा करून खाली दाबला. एकापाठोपाठ एक सगळे माग थांबले. पट्ट्यांना लाकडी आडोसा घालेपर्यंत चालवायचे नाहीत, असं ठरलं. आडोसा घालायला किती लाकूड लागणार होतं? पण शेठला आपण मजुरांचं ऐकलं असं दिसायला नको होतं.

दोन दिवस शेठ काचेआड कुणाकुणाशी बोलत होता. वऱ्हाडच्यानं दाराशी उभं राहून त्याचे ओठ वाचले आणि आमच्याकडे वळून जसेच्या तसे बोलून दाखवले, "काले बपोरे. त्रण माणस आवशे."

उद्या दुपारी, तीन माणसं. ऐकून बहुतेकांना त्या दुपारी गावाकडची कामं आठवली. आम्ही पाच-सहाच उरलो. मी उरलो याचं कारण शौर्य नव्हतं. इतक्या गोष्टी सांगून मी पळालो असतो तर मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

ते आले ते लाठ्या घेऊन. शेठच्या मुकादमानं आधी सगळे माग चालू करून दिले आणि दार लोटून बाहेर उभा राहिला. आमचं ओरडणं रस्त्यावर जाऊ नये म्हणून. त्यामुळं ती मारामारी मला आठवते ती अशी, की तोंडं उघडतायत आणि आवाज फक्त मागांचा. पहिल्या लाठीनं आमच्या एका म्हाताऱ्याचा जबडा निखळला. त्यानं दोन्ही हातांनी जबडा धरला आणि खाली बसला. दुसरी माझ्या पाठीत बसली. मी मागांच्या मधल्या बोळात सरपटत गेलो.

तिथून मी त्याला पाहिलं. त्यानं एकाची लाठी वर येण्याआधीच खांदा ओळखून बाजूला सरकत त्याचं डोकं मागाच्या लोखंडी चौकटीवर आपटलं. दुसऱ्याचं मनगट त्यानं चालत्या मागाच्या दांड्यापुढं धरलं. दांडा फटका मारत राहिला, तो धरून राहिला, मनगटाचं व्हायचं ते होईपर्यंत. ते दोघं दाराकडे पळाले. तिसरा पोरसवदा होता, आमच्याच वयाचा, कानात बाळी. त्याच्या गुडघ्यावर यानं अशी लाथ घातली की पाय उलटा वळला. तो बोळाच्या तोंडाशी, माझ्यापासून हातभर अंतरावर बसला. लाठी त्यानं टाकून दिली आणि हात जोडले.

वऱ्हाडच्यानं माझ्याकडे बघितलं. पंजा पालथा केला आणि खाली दाबला. पुरे.

मला ते स्पष्ट दिसलं, समजलं. त्या खात्यात ती खूण न समजणारा माणूस नव्हता. तरी मी शेजारच्या मागाच्या पेटीतला सुटा धोटा उचलला आणि लोखंडी टोक त्या पोराच्या कानावर हाणलं. सगळ्या गोष्टींत एकदा तरी मी असावं, एवढंच डोक्यात होतं. दुसरं कारण मी खूप शोधलं, सापडलं नाही. आवाज आला नाही, हाताला तेवढं कळलं. तो पोरगा जोडलेल्या हातांसकट कुशीवर पडला आणि त्याचा चांगला पाय फरशी घासत राहिला. मग तोही थांबला.

वऱ्हाडच्यानं येऊन धोटा माझ्या हातातून काढून घेतला. त्याचे ओठ हलले, "काहून?"

 तेवढ्यात दार उघडून मुकादम आत आला. धोटा वऱ्हाडच्याच्या हातात होता आणि मी तोवर माझ्या मागाकडे वळलो होतो. मागावर एक धागा तुटला होता. मी तो गाठला. गाठ नीट बसली, हे मला आजही आठवतं.

फौजदारानं सगळ्यांना ओळीनं उभं करून विचारलं, "कोणे मार्यो?" आमच्या लोकांना वऱ्हाडच्याला अडकवायचं नव्हतं. उलट त्यांची छाती फुगली होती. पळून गेलेलेही परत आले होते, आपण होतोच म्हणून सांगायला. एक जण कौतुकानं म्हणाला, "असा धोटा आख्खा सुरतमा एकच माणूसले फेकता येस, साहेब." दुसऱ्यानं दिव्याची गोष्ट सांगितली. तिसऱ्यानं डोळे मिटून पकडल्याची. सगळं माझंच, माझ्याच शब्दांत. फौजदार लिहून घेत होता.

मी कोठडीत त्याला एकदाच भेटलो. त्याचा एक डोळा सुजून मिटला होता.

"मी नाही मारलं म्हणतो, तर हसतात," तो म्हणाला. "तुमच्याच माणसांनी सांगितलं म्हणतात. दिवा फोडतो म्हणे मी. कोण बोललं बे हे दिव्याचं?"

मी गजांकडे बघत राहिलो.

"मी तुझं नाव घेणार नाही," तो म्हणाला. "तूच घे."

"माझं लग्न ठरलंय," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला. "माझं झालंय. पोरगी आहे लहान." मग मला निरखून बघत, "तुझा खांदा मागं गेला पाहाय."

कोर्टात मी सांगितलं की मी मागावर होतो, धागा गाठत होतो, काही पाहिलं नाही. तो शेवटपर्यंत एवढंच म्हणाला की मी मारलं नाही. कुणी मारलं, हे त्याला तिथं विचारलं गेलं तेव्हा तो माझ्याकडे न बघता म्हणाला, ज्यानं मारलं त्याला विचारा. त्याला जन्मठेप झाली. आमच्या खात्यातल्या पट्ट्यांना त्याच महिन्यात लाकडी आडोसा बसला.

तो सुटून आला तोवर सत्तरीचं दशक संपत आलं होतं. केस पांढरे, दात बरेच गेलेले. सुरतेच्या कडेला डिंडोलीत बायको-मुलीजवळ राहायला लागला आणि सायकली दुरुस्त करायला लागला. लोक पोरांना घेऊन त्याला दाखवायला यायचे, हाच तो धोटा फेकणारा. तो पंक्चरच्या जागेवर थुंकी लावून बुडबुडे बघत बसायचा. मी रस्त्यानं जाताना दिसलो की पंजा पालथा करून खाली दाबायचा. लोकांना वाटायचं, जुन्या दोस्ताला रामराम करतोय.

गेल्या महिन्यात तो गेला, छातीच्या दुखण्यानं. पुण्यानुमोदनाला बुद्धांच्या फोटोपुढं मेणबत्त्या लावल्या होत्या, आमचे खानदेशचेही पुष्कळ आले होते. कुणीतरी म्हणालं, "भो, तू सांग ना ती गोष्ट. तुझ्याइतकी कुणाला येत नाही." मी उभा राहिलो आणि सांगितली. धोटा पकडल्याची, दिव्याची, त्या दुपारची. ऐकताना माणसं माना हलवत होती. त्याची मुलगी भिंतीशी उभी होती, हातात त्याचा ॲल्युमिनियमचा पेला, आल्यागेल्यांना पाणी देत होती. आमची माणसं त्या पेल्यातून पाणी प्यायली. मीही प्यायलो.

निघताना ती बाहेरपर्यंत आली. "काका," ती म्हणाली, "बाबा मरेपर्यंत म्हणत होते, मी नाही मारलं. आईनं ऐकलं नाही. मीही नाही ऐकलं. सासरी मला खुन्याची पोर म्हणतात, मी खाली मान घालून घेते. तुम्ही होतात ना तिथं?"

"माग चालू होते, बाई," मी म्हणालो. "काही ऐकू आलं नाही."

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग माझ्या खांद्याकडे. ती आत गेली.

तिच्या दारात जाऊन, तिच्या आईसमोर आणि तिच्या सासरच्यांसमोर मला एवढं सांगायचं आहे की तिचा बाप खरं बोलत होता आणि तो पोरगा मी मारला. हे अजून सांगितलेलं नाही. तेवढं मी तिचं देणं लागतो.