सत्ताविसाव्या वर्षी पेन्शन

जपानमधल्या नोकरीत माझ्या पगारातून दर महिन्याला आरोग्य विमा आणि पेन्शन कापली जायची. परदेशी कामगार मायदेशी परतला की पेन्शनचे थोडे पैसे एकरकमी परत मिळतात, म्हणून पुण्यात येताच मी अर्ज केला. त्यातून मला आई-बाबांचा आरोग्य विमा काढायचा होता. आमच्या घरात तो कुणाचाच नव्हता.

पैसे जमा झाल्याचा मेसेज आला तेव्हा मी हडपसरच्या मंडईत होतो. घेतलेली कोथिंबीर तिथेच विसरून घरी धावलो. जन्मभर रोजंदारी केलेल्या बाबांनी लगेच इमारतभर पेढे वाटले. "पोराला पेन्शन लागली."

वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "सत्ताविसाव्या वर्षी? आम्ही उगाच साठीपर्यंत राबलो."

"तुम्ही इथं राबलात ना," बाबा म्हणाले.

संध्याकाळी विमा कंपनीच्या बाईंनी फोनवर बाबांना आजार विचारले. बाबा ऐटीत म्हणाले, "एकही नाही."

"अहो, शुगर सांगा," आई स्वयंपाकघरातून ओरडली.

आता विमा मिळणार नाही, असं मला वाटलं. बाई हसल्या. "चालेल, हप्ता थोडा वाढेल. सांगितलंत ते बरं झालं."

आनंदाच्या भरात मी उरलेला पेढा बाबांपुढे धरला. आईने तो माझ्या हातातून काढून घेतला.