बंद शाळेची अकरावी

गेटवर बसणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. एक जण अर्धी गोष्ट टाकून जातो, उरलेली अर्धी दुसरा घेऊन येतो. मी जबलपूरला, गढा भागातल्या एका मुलींच्या शाळेत गेटवर आहे. स्वतः चौथी नापास. म्हणून शिकलेल्यांचं मला कौतुक नाही, अन् भीती तर मुळीच नाही.

करोनात शाळेला कुलूप होतं. पण किस्से सगळ्यात जास्त जमले ते तेव्हाच.

* * *

आमच्या हेडमास्तरीण, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्यांनी पाच वर्षांचा प्लॅन केला होता. दहावी झाली की मुली घरी बसतात, कारण अकरावी सायन्स दूर आहे अन् बाप पाठवत नाहीत. तं आपल्याच शाळेत सायन्स काढायचं. लॅबची खोली तयार झाली, अन् लॉकडाऊन लागला!

फोनवर मीटिंग झाली, बाईंनी स्पीकर लावला म्हणून मीही ऐकली. कमिटीच्या सेक्रेटरी साहेबांना ती खोली मंडप अन् खुर्च्या ठेवायला पाहिजे होती. ते म्हणाले, "बाई, इथे लोकांचे जीव जाऊन राहिले, अन् तुम्ही पाच वर्षांचं काय घेऊन बसल्या?"

"जे वाचतील त्यांना अकरावी लागेलच ना, साहेब."

साहेब म्हणाले, आवाज तुटून राहिला. नेटवर्क ठीक होतं.

शेवटी ठरलं असं, की शाळा उघडेपर्यंत फोनवरच्या वर्गात दहावीच्या मुली टिकल्या तर अकरावी, नाही तं खोलीत खुर्च्या.

* * *

सायन्सचे पिंपळे सर रिकाम्या लॅबमध्ये उभे राहून शिकवायचे, अन् फोन धरायचो मी. स्टँड मागवला होता, तो आलाच नाही.

पहिल्या दिवशी मी फोन उलटा धरला. पूर्ण तास सर फळ्यावर लिहून राहिले, अन् पोरी माझं तोंड पाहून राहिल्या. शेवटी एक पोरगी म्हणाली, "सर, दादाजींच्या मागून तुमचा आवाज छान येतो."

मी म्हटलं, पाहून घ्या. लॉकडाऊनात दुसरं कोण दिसून राहिलं तुम्हाला?

* * *

सरांना दुकान बंद, सामान बंद, म्हणून त्यांनी घरातल्याच वस्तूंवर प्रयोग काढले. एक दिवस हळदीला साबणाचं पाणी लावायला सांगितलं. ती लाल होते म्हणे.

दुसऱ्या दिवशी एक आई वाटी घेऊन गेटवर हजर. "भैया, पोरीनं सगळी हळद लाल करून ठेवली. आता पिवळी कोण करून देते?"

मी म्हटलं, "तो पुढचा धडा आहे, ताई. तोवर लालच खा."

* * *

वर्गात सगळ्यात हुशार रोशनी. तिचा बाप रिछाईच्या एका कारखान्यात होता, तो कारखाना बंद पडला. त्याने ठरवलं, पोरीचं जमवून टाकू. लॉकडाऊनात लग्न स्वस्तात होते, पाहुणे बोलवावेच लागत नाहीत!

बाई मला घेऊन त्याच्या घरी गेल्या. आम्ही दोघं तोंड बांधून उंबऱ्याबाहेर उभे. बाई म्हणाल्या, पोरीचं वय कायद्यात बसत नाही. तो म्हणाला, लग्न वय झाल्यावरच करू, आता फक्त बोलणी. पण आमच्याकडे रिवाज असा, की बोलणी झाली की शाळा बंद. हे बाईंना माहीत होतं, अन् त्यालाही. अन् रोशनी गेली की बाकीच्या बापांनाही रस्ता सापडला असता.

बाईंनी त्याला प्लॅन समजावून सांगितला. त्याने ऐकून घेतला. मग म्हणाला, "बाई, तुमच्याजवळ पाच वर्षांचं आहे. माझ्याजवळ उद्याचं नाही."

परत येताना बाईंनी वाटेतच पिंपळे सरांना फोन लावला.

* * *

मुलगी पाहणंसुद्धा तेव्हा फोनवरच व्हायचं. रोशनीच्या बापानं मुद्दाम रविवार धरला, म्हणजे शाळेची कटकट नको. मुलगा भेडाघाटचा, संगमरवराच्या मूर्ती घडवणारा. व्हिडिओवर यायचं तर लिंक पाठवा, असं तिकडून सांगितलं. ह्या भल्या माणसाच्या फोनमध्ये एकच लिंक होती. तीच त्याने पाठवून दिली.

ती आमच्या वर्गाची होती! अन् बाईंनी त्याच आठवड्यापासून रविवारीही तास लावला होता.

मी फोन धरून उभा. पाहतो तं एका चौकोनात इस्त्रीचा शर्ट घातलेला पोरगा, बाजूला त्याची आई. दुसऱ्या चौकोनात रोशनी साडीत, अन् मागे बाप घाम पुसून राहिला. पिंपळे सरांना वाटलं, नवीन ॲडमिशनवाले आले. त्या दिवशी प्रयोग होता संगमरवराच्या तुकड्यावर लिंबू पिळायचा. जबलपुरात तुकडा कोणाच्याही घरी सापडते.

सरांनी त्या पोरालाच उभं केलं. "तुम्ही सांगा, काय होईल?"

पोरगा खरंच उभा राहिला. "डाग पडते, सर. घासला तरी जात नाही."

"बरोबर. काहून पडते?"

पोरगा आईकडे पाहू लागला. रोशनीनं डोक्यावरचा पदर मागे सारला अन् म्हणाली, "लिंबात आम्ल असते, सर. ते दगड खाते, अन् त्यातून गॅस निघते." मग गॅसचं नाव सांगितलं.

बाप फोन बंद करायला धावला. पोराची आई म्हणाली, "राहू द्या भाऊ. ऐकून राहिले मी."

पूर्ण तास ती बसली. मोठ्या बाई माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. त्यांना सगळं समजलं होतं, पण त्यांनी सरांना थांबवलं नाही.

संध्याकाळी त्या पोराच्या आईचा बाईंना फोन आला. बाईंनी स्पीकर लावला. ती म्हणाली, "बोलणी नाही करत आम्ही. रोशनीच्या बाबांना सांगितलं, आधी पोरीला शिकू द्या."

बाई म्हणाल्या, "फार चांगलं केलंत, ताई."

तिने फोन ठेवला नाही. हळूच विचारलं, "आमच्या मधल्या पोरीची बोलणी मागच्या महिन्यात झाली. तिला वर्गात घेता का तुम्ही?"