ताईच्या नावाची बाटली

अकोल्याच्या दवाखान्यात ताईला शेवटचं भेटले, तेव्हा तिच्या तोंडावर सूज होती आणि बोलताना दम लागत होता. मूत्रपिंडं निकामी झाली होती. डॉक्टर बाहेर गेल्यावर तिनं मला जवळ बोलावलं. "बाटलीचं कोनाले सांगू नोको व. माया जिवाची शपथ हाय तुले." मी मान हलवली. तीन दिवसांनी ताई गेली. आज दीड महिना झाला... आणि मी ती शपथ मोडली आहे.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण शालिनी. पाटबंधारे खात्यात टायपिस्ट होती. साहेबांचं बोलणं संपायच्या आत तिचा कागद यंत्रातून बाहेर यायचा. आमच्या घरातली पहिली नोकरी तिची. मला डी.एड. तिनंच करवलं आणि शिक्षिका झाल्यावर 'मास्तरीणबाई' म्हणून चिडवायचीही तीच. पन्नाशीत संधिवातानं गाठलं. बोटं वाकडी झाली, पाण्याच्या पेल्यालाही दोन्ही हात लागायचे. पण कुणी मदतीला पुढं झालं की खेकसायची, "मले हात हायेत."

अमरावतीच्या एका रुग्णालयात या आजारावर संशोधन सुरू होतं. सांधे झिजतात तेव्हा कूर्चेचे, म्हणजे सांध्यातल्या मऊ हाडाचे, बारीक अंश लघवीत उतरतात. ते मोजून, सुई न टोचता, आजार किती पेटलाय हे कळेल का, ते त्यांना पाहायचं होतं. रक्त वर्षातून एकदाच घ्यायचे, मधल्या काळात दर तीन महिन्यांनी फक्त सकाळची पहिली लघवी. दुखण्याच्या गोळ्यांनी मूत्रपिंडं बिघडतात, म्हणून लघवीत प्रथिनं उतरतात का, ही तपासणीही त्याच बाटलीतून व्हायची. ताईचं नाव तिथं मीच घातलं. आदल्या दिवशी ती अकोल्याहून अमरावतीला माझ्याकडे मुक्कामाला यायची.

पहिल्या खेपेला तिच्यानं झाकण फिरेना, उकिडवं बसवेना. बाटली मी धरली. ती भिंतीकडे तोंड करून रडली. ताईला रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. पुढच्या खेपेला तिनं मला आत येऊच दिलं नाही आणि रिकामी बाटली घेऊन बाहेर आली. सगळं खाली सांडलं होतं. मी म्हटलं, उद्या पुन्हा घेऊ. तर म्हणाली, "तूच दे न भरून. एका मायच्या पोरी आपन. काय फरक पडते?"

मी मुलांना विज्ञान शिकवणारी. फरक मला माहीत होता. तरी भरून दिली. तिची लाज राखतेय असं वाटलं आणि, खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं... आयुष्यभर तिनं दिलं, आता मला काही देता आलं. तीन वेळा दिली. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई खूश. पहिल्या नमुन्यात आजार पेटलेला दिसला होता, आता औषध लागू पडलं, प्रथिनंही नाहीत, गोळ्या चालू ठेवा म्हणाल्या. ताईचे पाय सुजायला लागले तेव्हा मी दाखवायला जाऊ म्हटलं. ती म्हणाली, "रिपोर्ट तर चांगला हाय न." रिपोर्ट माझा होता. ते तिलाही ठाऊक होतं, मलाही. आणि मी गप्प बसले. याला मला क्षमा नाही.

ताई गेल्यावर डॉक्टरीणबाईंचा फोन आला. इतके स्वच्छ नमुने असताना असं कसं झालं, आपली तपासणीच चुकते का, म्हणून त्या जुने कागद पुन्हा पुन्हा काढून बघत होत्या. स्वतःला दोष देत होत्या... मी काही न सांगता फोन ठेवला. परवा मात्र रुग्णालयात जाऊन सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, त्या चिडतील. त्यांनी ताईची फाईल पुढं ओढली. मग म्हणाल्या, "आम्ही उंच खुर्ची दिली असती, मदतीला नर्स दिली असती. तुम्ही फक्त सांगायचं होतं." आणि ताईच्या नावापुढच्या तीन नोंदींवर त्यांनी काट मारली.

पुढच्या खेपेची बाटली माझ्या न्हाणीघरातल्या फळीवर अजून तशीच आहे, ताईचं नाव लिहिलेली. या वेळी तिची तिलाच भरू द्यायची, असं मी ठरवलं होतं. झाकण आधीच सैल करून ठेवलं होतं.