इब्राचा अब्दुल्ला

"बुधवारी सुट्टी मिळेल? आणि तुला अरबी येतं ना?" मार्थाबाईंनी विचारलं. मस्कतच्या गोदामात वीस वर्षं काढल्यावर कामापुरतं येतंच. त्या मस्कतच्याच मदिनत सुलतान काबूस भागात राहायच्या, माझ्या मुलीला शिकवायच्या. सत्तरी ओलांडलेल्या, आणि पुढच्या आठवड्यात कायमच्या अमेरिकेला परतणार. व्हर्जिनियाच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतीत उतरलेला एक नोकर हा त्यांचा मूळपुरुष. जुन्या कागदाच्या नकलेत एवढंच होतं: सालिम, बाप अब्दुल्ला, गाव इब्रा. इब्रा मस्कतपासून दोनेक तासांवर. त्यांना तो बाप हवा होता.

अल हैलहून सहाला निघालो. बिदबिदनंतर रस्ता रुंद, रिकामा. डोंगर करपलेल्या भाकरीसारखे. पेट्रोल पंपावर कडक चहा आणि गुंडाळलेला पराठा, दोघांचं एका रियालच्या आत. इब्रातला बुधवारचा बाजार बायकांचा, तो लवकर गाठा. मी बाहेरच थांबलो. तिथल्या एका बाईने जुन्या वस्तीतल्या हमदबाबांचं घर दाखवलं. गावातल्या सगळ्या घराण्यांच्या पिढ्या त्यांना तोंडपाठ.

खजूर आले, कहवा आला. हमदबाबांनी आधी स्वतःचे नऊ पूर्वज म्हणून दाखवले. मग कागदावरचं नाव मी वाचलं, तसा त्यांनी आवाज खाली आणला.

"बाप ठाऊक नसला की अब्दुल्ला लावायचे. गुलामाला दुसरं काय लावणार? बाईंना सांगू नकोस."

"काय म्हणाले?" मार्थाबाईंनी वही उघडली होती.

नको असेल तर कप हलवायचा असतो. मी विसरलो, बाबांनी पुन्हा भरला. तो संपेपर्यंत मला वेळ मिळाला.

"म्हणाले, इथे अब्दुल्ला पुष्कळ होते."

"खलास?" बाबांनी मला विचारलं.

"खलास."

बाहेर पडक्या भिंतीला हात लावून बाई हळूच म्हणाल्या, "आले हं मी, आजोबा." परतीच्या वाटेवर त्या झोपल्या. मी मात्र टक्क जागा. आमचं वसईचं आडनावही पाद्रीने दिलेलं. त्याआधीचं नाव घरात कोणालाच माहीत नाही. मला त्याचं कधी दुःख झालं नाही. मग त्यांना होईल, हे ठरवणारा मी कोण?

काल त्यांनी फ्रेम केलेल्या वंशवृक्षाचा फोटो पाठवला. सर्वांत वर: अब्दुल्ला, इब्रा.

मुलीला मी सगळं सांगितलं होतं. ती फोटोकडे बघत राहिली. "डॅडा, हे... खरं नाही ना? यू हॅव टु टेल मिस."

तीनदा टाइप केलं, तीनदा पुसलं. शेवटी इथे लिहिलं. मार्थाबाईंना मराठी वाचता येत नाही.