रावसाहेबांच्या दातांतले जंतू

"हे पाहा, वळवळतायत! वाकडे, स्वल्पविरामासारखे. हाच पटकीचा जंतू ना?" मायक्रोस्कोपवरचा डोळा न काढताच रावसाहेबांनी विचारले.

"आकार तसाच आहे," मी म्हणालो, "पण त्यावरून..."

"पण-बिण काही नाही. परवा कोळीवाडा रिकामा करा. झोपड्या, सुकट, सगळे जाळून टाका. घाणीतच रोग असतो."

रावसाहेब पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, बंदोबस्तावर नेमलेले अधिकारी. मी ठाण्याच्या दवाखान्यात हॉस्पिटल असिस्टंट. जंतू पाहण्याचे काम मुंबईत शिकून आलो होतो. फावल्या वेळात माझा स्वतःचा अभ्यास चाले तो धडधाकट माणसांच्या तोंडात आणि आतड्यात राहणाऱ्या जंतूंचा. लोक हसत. रोगी सोडून निरोग्यांचे दात काय खरवडता, म्हणत. आणि रावसाहेब पाहत होते त्या काचेवर तशाच एका निरोगी बाईच्या दातांवरचा मळ होता. कोपरीच्या खाडीकाठची माणकीबाय कोळीण. तिला साधी सर्दीही नव्हती.

माणकीबाय दाराशीच उभी होती. तिने सगळे ऐकले.

"डाक्टरा, माजी सुकट जाललीस त पावसान पोरा काय खातील? तुजी काच?"

पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की कोळ्यांना सुकटीचाच आधार. ती जाळणे म्हणजे पटकीतून वाचलेल्यांना उपाशी मारणे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण ऑर्डर रागाने फिरत नाही.

"रावसाहेब, आ करा," मी म्हणालो.

"काय?"

"तुमच्या दातांवरचा थोडा मळ हवा."

"अहो, मी स्नानसंध्या करणारा माणूस! रोज बाभळीच्या काडीने दात घासतो!"

"मग काही सापडणारच नाही. भीती कसली?"

माणकीबाय पदरात हसली. तिच्यासमोर नाही म्हणणे रावसाहेबांना जड गेले. त्यांनी आ केला. मी मळ काचेवर घेतला, रंग दिला, भिंग जुळवले. त्यांनी पाहिले, पुन्हा पाहिले. वाकड्या स्वल्पविरामांची तीच गर्दी.

"म्हणजे मला पटकी झाली?"

"नाही. असे जंतू प्रत्येकाच्या तोंडात असतात. ते आपले बिऱ्हाडकरू. नुसत्या आकारावरून खुनी ओळखता येत नाही."

"मग कशावरून येतो?"

"तो वाढवावा लागतो. परवापर्यंत थांबा."

पटकी कोळीवाड्यात होती, पण शेजारच्या किरिस्तावांच्या, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या, आळीत नव्हती. मासळी तीच, वास तोच, खाडी तीच. फरक पाण्याचा. किरिस्ताव आपल्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, विहिरीचे पीत, कोळी तळ्याचे. खाडीच्या खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून बाया आजाऱ्याचे कपडेही तळ्यावरच धूत.

मी दोन्हीकडचे पाणी आणले. पेप्टोन, म्हणजे पचवलेल्या मांसाचे सत्त्व, मीठपाण्यात कालवून नळ्या भरल्या. पटकीच्या जंतूला हे खाणे फार आवडते, आणि तो हवेसाठी वर येऊन सायीसारखा पापुद्रा धरतो. ऊब द्यायला शेगडी लागली नाही. ठाण्याचा वैशाख पुरला. तळ्याच्या नळीत पापुद्रा आला. त्यातले वाकडे जंतू वेगळे काढून पुन्हा वाढवले. विहिरीच्या नळीत वाकडे काहीच नव्हते. तिच्यातले जे वाढले, तेही तसेच पुन्हा वाढवले.

ठरल्या दिवशी रावसाहेब आले. माणकीबायला मीच बोलावले होते. दोन्ही नळ्यांत मी गंधकाच्या तेजाबाचे, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिडचे, थेंब सोडले. विहिरीची होती तशी राहिली. तळ्याची गुलाबी झाली, हळूहळू गडद झाली.

"पटकीचा जंतू वाढलेली नळी तेजाबाने अशी गुलाबी होते. आकार आणि रंग, दोन्ही जुळले," मी म्हणालो. "गुन्हेगार तळ्यात आहे. सुकटीत नाही."

रावसाहेब म्हणाले, "तळे बंद केले तर हे पाणी कुठले पितील? किरिस्तावांच्या विहिरीवर गेले तर बाटतील. कोळीच ओरडतील."

"कोन वरडल?" माणकीबाय म्हणाली. "दर्यान त्यांची होडी नि आमची होडी एकच पानी कापते. मी जातंय पयली."

आणि ती गेली. देवळाच्या विहिरीवर एक म्हातारा किरिस्ताव पोहरा घेऊन बसला होता. त्याने तिची घागर भरून दिली. मागून एकेक करून बाकीच्या आल्या. काही जणी तोंड वाकडे करून आल्या, पण आल्या.

तळ्याला काट्यांचे कुंपण लागले. पावसाच्या तोंडावर कोळीवाड्यातली पटकी थांबली. जाळण्याची ऑर्डर रावसाहेबांनी स्वतःच्या सहीने मागे घेतली, हे त्यांच्याबद्दल सांगितलेच पाहिजे. सुकट घरोघर माळ्यावर चढली. माझ्या हातून झालेल्या कामांत हे मला सगळ्यांत मोठे वाटते, आणि ते सांगताना मी मुळीच लाजत नाही.

माणसाला दोष देण्याआधी त्याचे पाणी तपासावे. तपासणीला थोडे तेजाब लागते. घरे जाळायला रॉकेल त्याहून पुष्कळ जास्त लागते.